डावखुरा रफू

कोटाच्या बाहीवरचा जुना रफू उसवता उसवता धाकटी शेवटच्या कोपऱ्याशी आली आणि तिचा हात एकदम थांबला. सुई धाग्याखाली गेलेली, नुसती वर उचलायची बाकी होती. रोज उठून करायची ती गोष्ट, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण आज हात म्हणाला, थांब. हाताला आधी कळतं आणि डोक्याला मागाहून, हा तिचा जुनाच अनुभव. म्हणून तिने हाताचं ऐकलं, सुई तशीच ठेवली आणि डोक्याला कळायची वाट बघत बसली. धाकटी म्हणजे आता काही लहान नव्हती. कानांवरचे केस पांढरे झाले होते, जवळचं बघायला चष्मा लागत होता. पण घरात दोघीच बहिणी, एक थोरली आणि एक धाकटी, आणि लहानपणी चिकटलेलं नाव असं की आरशात स्वतःकडे बघतानाही तिला वाटे, ही बघा धाकटी म्हातारी व्हायला लागली.

वापरलेले कपडे विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. गाठोडी यायची, ती सोडून एकेक कपडा उजेडासमोर धरायचा, भोक, उसवलेली शिवण, सैल बटण, निघालेला अस्तराचा काठ, जे काही असेल ते हेरायचं आणि असं दुरुस्त करायचं की घेणाऱ्याच्या लक्षात येऊ नये. मालकीणबाईंचा एक नियम होता. आधीच्या घरात कुणी काही रफू केला असेल, ठिगळ लावलं असेल, तर ते पहिल्यांदा काढून टाकायचं आणि मग आपलं काम करायचं. गिऱ्हाईक कपडा जुना आहे हे जाणून घेतं, पण दुसऱ्या कुणाची सुई त्याला दिसली की नाक मुरडतं, असं त्या म्हणत. धाकटीला तो नियम पटलेला होता. कितीतरी अनोळखी बायकांचे टाके तिने बिनदिक्कत उसवले होते, आणि आजही उसवत होती. एवढंच नव्हे, मघाशी तिने ती बाही मागच्या इस्त्रीवाल्यापुढे नाचवून म्हटलं होतं, "बघा तरी! डोळे मिटून केलाय की काय?" इस्त्रीवाला म्हणाला, "नवऱ्याचा राग बाहीवर काढला असेल बाईने." दोघं पोट धरून हसली होती.

आता तिला हसू येत नव्हतं. तीन बाजू उसवून झाल्या होत्या, टेबलावर तपकिरी धाग्यांचे वेडेवाकडे तुकडे पडले होते, आणि उरलेल्या कोपऱ्यात धाग्याचं टोक गाठ न मारता उलटं वळवून कापडात दडवलेलं होतं. उजव्या हाताचं माणूस जिथे ते दडवतं त्याच्या बरोब्बर समोरच्या कोपऱ्यात. आणि प्रत्येक ओळ जिथे वळली होती तिथे मोहरीएवढा लहानसा फास मुद्दाम सैल सोडलेला. "धुतल्यावर धागा आखडतो," कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं, "त्याला थोडी मोकळीक ठेव, नाहीतर कापड तोंड वाकडं करून बसतं." हे कुणीतरी म्हणजे ताई. ताई डावखुरी. जगात डावखुऱ्या बायका पुष्कळ असतील आणि सैल फास सोडणाऱ्याही असतील, पण उभे धागे घालून झाल्यावर पहिला आडवा धागा दोन धाग्यांखालून नेऊन मग एकाआड एक विणायला लागणारी, का तर तिला घाईत एकदा तसं करायची सवय लागली ती कायमचीच, अशी बाई एकच असणार. धाकटीने त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे दोन धागे होते.

ताईकडून ती हे शिकली तेव्हा ताईच्या शेजारी बसून चालत नसे. शेजारी बसलं की सगळं उलटं व्हायचं, ताईचा डावा हात आणि हिचा उजवा हात एकमेकांना धडकायचे, आणि ताई वैतागून म्हणायची, "ऊठ, माझ्या समोर बस, आरशात बघतेस असं समज." मग दोघी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसत. ताईचा हात जिकडे जाई तिकडेच हिचाही जाई. मान वर केली की ताईच्या ओठांत धरलेली सुई, भुवईवरचा घाम, आणि तिच्या मागे खिडकी दिसायची. आई लवकर गेली, वडील सतत कामाच्या शोधात या गावाहून त्या गावाला, तेव्हा शाळा सोडून शेजारपाजारचं शिवणटिपण ताईने घरात आणलं ते धाकटीची शाळा सुटू नये म्हणून. धाकटी मोठ्याने धडे वाचायची आणि ताई शिवता शिवता ऐकायची. नद्यांचा उगम, राजांच्या लढाया, वर्तुळाचा परीघ, सगळं ताईला ऐकून ऐकून पाठ झालं होतं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकटी अडखळली की शिवणयंत्राच्या खडखडाटातून ताईच उत्तर सांगायची. सुई मात्र तिने हिच्या हातात दिली ती केवळ अडीअडचणीला असावी म्हणून. "एवढं येऊ दे," ती म्हणायची, "बाकी तू खुर्चीवर बसून काम करायचंस."

धाकटीने कोट उलटा केला. तपकिरी, साधा, असल्या कोटांची दुकानात रांग लागलेली असते, म्हणून तर ती ओळखू शकली नव्हती. तिने आतल्या खिशात हात घातला. हात आत गेला आणि जातच राहिला, मनगट गेलं, त्याच्या पुढेही गेला, जवळजवळ कोपरापर्यंत बुडाला. भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, वस्तू हरवायची खोड होती. किल्ल्या, चष्मे, छत्र्या, एकदा तर दोन पायांतला एकच बूट. तेव्हा ताईने चिडून त्यांच्या कोटाचा खिसा अस्तर कापून खाली पार काठापर्यंत वाढवला होता आणि म्हणाली होती, "आता यातून काय हरवताय ते बघते." धाकटी खिशात हात तसाच ठेवून बसून राहिली. इस्त्रीवाल्याने विचारलं, "काही सापडलं का?" ती म्हणाली, "नाही." आणि लगेच तिला त्याचंच एक बोलणं आठवलं. तो म्हणायचा, पुरुषाचा कोट आपल्याकडे दोनच कारणांनी येतो, माणूस जाड झाला म्हणून नाहीतर माणूस गेला म्हणून. भाऊजी जन्मभर काडीसारखे. ते जाड होणं शक्य नव्हतं.

तर मग भाऊजी गेले आणि तिला कुणी कळवलंही नाही. कळवणार कोण? बोलणंच बंद होतं. ज्या कचेरीत ती खुर्चीवर बसून काम करायची ती बंद पडली, चार महिने हिंडून दुसरी मिळाली नाही, आणि एक दिवस या दुकानाच्या दारावर मदतनीस हवी असल्याची पाटी दिसली. आनंदाने ती ताईला सांगायला गेली, खरोखरच आनंदाने, कारण पहिल्याच दिवशी एका लोकरी झग्याचं भोक बुजवताना तिला इतकं बरं वाटलं होतं, कचेरीत इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. ताईचा चेहरा पडला. "लोकांचे उतरलेले कपडे शिवायला का मी तुला शिकवलं?" धाकटीनेही तोंड सोडलं, "मग सुई हातात दिलीस कशाला?" एवढंच. दोन वाक्यं. यापेक्षा मोठी भांडणं दोघींमध्ये एका गादीवरून, एका कंगव्यावरून झाली होती आणि संध्याकाळच्या आत विरली होती. हे विरलं नाही. आधी वाटलं, ती येईल. मग वाटलं, आता मी का जाऊ. मग इतका काळ गेला की जायचं तर काय तोंडाने जायचं हेच कळेना.

आणि गंमत अशी की या सगळ्या काळात धाकटीचा राग टिकला नव्हता. उलट रोज थोडी थोडी कृतज्ञता साठत गेली होती, न सांगितलेली, जागच्या जागी. एखाद्या शर्टाच्या कॉलरचा विरलेला भाग पालटून लावला की मनात यायचं, ताई, हे तुझं. एखाद्या लहान मुलाच्या स्वेटरचं कोपर नव्यासारखं झालं की तिला वाटायचं, धावत जावं आणि दाखवावं. कुणाचं तरी फाटलेलं आपल्या हातून सांधलं जातं आणि कुणीतरी ते अंगावर घालून ऐटीत रस्त्याने जातं, आणि आपल्याला ते माहीत असतं, ही जी रोजची लहानशी श्रीमंती, ती ताईने दिलेली होती आणि ताईलाच त्याचा पत्ता नव्हता. आभार मानायचे तर भांडण मिटवायला हवं होतं, आणि भांडण मिटवायचं तर कुणीतरी आधी जिना चढायला हवा होता. आज उद्या करता करता ते राहिलं, आणि आता भाऊजीच नाहीत, आणि ताई एकटी, आणि तो रफू असा वेडावाकडा, ओळी एकमेकींवर चढलेल्या. ताईचा हात असा कधीच नव्हता. रडत केला असेल. त्यांच्या आजारपणात, उशाशी बसून. आणि मी त्याला हसले, वर उसवून टाकला. धाकटीने धाग्यांचे तुकडे तळहातावर गोळा केले, जणू ते परत बाहीत घालता येणार होते, आणि उठून मालकीणबाईंकडे गेली.

मालकीणबाई काउंटरवर हँगर मोकळे करत होत्या. "हा कोट मला न्यायचाय," धाकटी म्हणाली, "आणि मला आत्ताच जायचंय." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं वाटत नाही का?" "माझ्या बहिणीचा आहे." मालकीणबाई फटकळ होत्या, पण अशा वेळी गप्प बसायचं त्यांना बरोब्बर कळे. त्यांनी कोट कागदात गुंडाळला, वर दोरी बांधली, आणि फक्त म्हणाल्या, "जा. सावकाश जा."

बसमध्ये पुडकं मांडीवर घेऊन धाकटी काय बोलायचं ते जुळवत होती. दार उघडल्यावर आधी गळ्यात पडायचं की आधी काही म्हणायचं? "मला आज कळलं," हे पहिलं वाक्य. मग कोट पुढे करायचा. कोट होता हे फार बरं झालं, हातात काहीतरी असलं की माणसाला दारात उभं राहायला कारण मिळतं. कोट नसता तर आपण आजही गेलो नसतो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. भाऊजी तिला डोळ्यांपुढे दिसत होते. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा हिला हसवण्यासाठी त्यांनी दोन्ही कानांत दोन पेन्सिली खोवल्या होत्या आणि मग त्या काढायला विसरून तसेच बाजारात गेले होते. शाळेची फी भरायला ताईबरोबर तेच येत. ताईने धाकटीसाठी इतकं केलं त्याला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही, आणि त्यांनाही हिने कधी दोन शब्दांनी काही सांगितलं नव्हतं. आता तर ते ऐकायलाच नव्हते. शेजारच्या बाईने विचारलं, "काही त्रास होतोय का तुम्हाला?" तेव्हा धाकटीला कळलं की आपण रडतोय. ती म्हणाली, "नाही, घरी चाललेय." बाईला त्यातून काय कळलं कोण जाणे, पण तिने आपली पिशवी उचलून तिला खिडकीशी जागा दिली.

जिना तोच होता, कठडा तसाच हलणारा. धाकटीने बेल वाजवली, पुडकं छातीशी धरलं आणि पहिलं वाक्य ओठांवर आणून ठेवलं. दार उघडलं ते भाऊजींनी. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, एका हातात चहाची गाळणी. काडीसारखेच.

"भाऊजी!" धाकटी किंचाळलीच. "तुम्ही आहात!"

"आहे म्हणजे?" ते म्हणाले. "कुठे जाणार? या या मेहुणीबाई, एवढ्या काळाने आलात आणि आल्या आल्या आमच्या असण्यावरच संशय!"

ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. तिने त्यांचा गाळणीवाला हात धरला आणि तो सोडवेना. "मला वाटलं, मला वाटलं..." म्हणत तिने पुडक्याचा कागद फाडून आत काय आहे ते दाखवलं. भाऊजींचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं, तिला दाराबाहेर घेतलं आणि दार लोटलं.

"हा कुठून आला तुझ्याकडे?" ते कुजबुजले.

"आमच्या दुकानात. गाठोड्यात होता."

"घ्या! एवढं शहर पडलंय, आणि..." त्यांनी कपाळाला हात लावला. मग खाली पायरीवर बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. ताईची नजर गेली होती. सगळी नाही, पण मधली. बाजूचं दिसतं, समोरचं धुरकट. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. तरीही बाहीला कसरीने भोक पाडलं तेव्हा ती हट्टाने कोट घेऊन बसली, बोटांनी चाचपत, दिवसचे दिवस. "झाला म्हणाली. मी घालून हिंडलो की मजेत, मला काय. पण रोज बाहीवर बोट फिरवायची आणि विचारायची, दिसतं का हो? मी म्हणायचो, छे, शोधूनही सापडत नाही. तिला बोटांना सगळं कळत होतं ना गं. मी खोटं बोलतोय हेही कळत असणार. एक दिवस मलाच बोलवेना. मग टाकला देऊन, आणि सांगितलं, बसमध्ये राहिला. माझ्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही, आयुष्यभर तेच केलंय. तेव्हापासून रोज शिव्या खातोय, पण त्या परवडल्या." ते उठले, कोट तिच्या हातातून घेतला आणि दाराशेजारच्या मीटरच्या फळीमागे कोंबला. "तिला काही बोलू नकोस. काय?"

"मग मी आले कशाला म्हणून सांगू?" धाकटी म्हणाली.

"ते तू बघ," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं.

ती आत गेली तेव्हा तिचे हात रिकामे होते. जुळवलेलं एकही वाक्य कामाचं राहिलं नव्हतं. ज्याच्या जाण्याबद्दल सांत्वन करायचं तो माणूस स्वयंपाकघरात चहा गाळायला गेला होता, आणि जे परत द्यायचं ते मीटरमागे होतं. ताई खिडकीपाशी बसली होती. केव्हाची तशीच बसलेली असावी, मांडीवर काही नाही, हातात काही नाही. असे मोकळे हात धाकटीने तिच्या मांडीवर कधी पाहिले नव्हते. ताईने मान थोडी तिरकी केली, डोळ्याच्या कडेने पाहायला, आणि म्हणाली, "कोण आहे?"

"मी."

ताईने तोंड आवाजाकडे वळवलं. मग म्हणाली, "सुकलीस."

"तुला कसं दिसलं?"

"आवाजावरून कळतं." आणि मग, जशी ती पूर्वी प्रगतिपुस्तक हातात घेऊन विचारायची त्या स्वरात, "का आलीस?"

धाकटीला वाटलं, सहज आले म्हणावं. इकडे काम होतं म्हणावं. भाऊजींची आठवण आली म्हणावं, ते तर खोटंही नव्हतं. पण ज्या बाईला रोज प्रेमाने एक खोटं ऐकवलं जात होतं तिला आपण आणखी एक द्यावं, हे तिच्याने होईना. ती ताईपाशी जमिनीवर बसली.

"आभार मानायला आले," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"तुझे. तू मला शिवायला शिकवलंस म्हणून. शाळेसाठी नाही ताई, त्याचेही आहेत, पण ते आज नाही. सुईचे. मी रोज सकाळी दुकानात जाते ना, तेव्हा मला जायचं असतं. कचेरीत मला कधी जावंसं वाटलं नाही, तुला सांगितलं नव्हतं. तुला वाटलं मी खाली आले. मी खाली नाही आले गं. मला माझं काम मिळालं, आणि ते तुझ्याकडून मिळालं. इतकी वर्षं सांगायचं होतं."

स्वयंपाकघरातले कपबशांचे आवाज थांबले होते. ताई खिडकीकडे बघत होती, म्हणजे तोंड तिकडे होतं.

"खरंच आवडतं तुला?" तिने विचारलं.

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?"

"नाही."

"मला वाटायचं," ताई थांबत थांबत म्हणाली, "मी ती सुई हातात दिली नसती, तर तू दुसरं काही मोठं शोधलं असतंस. हातात होती म्हणून तिथेच बसलीस. माझाच हात आडवा आला तुला. राग तुझा नव्हता गं मला." तिने ओठ घट्ट मिटले, मग स्वतःवरच चिडून म्हणाली, "मग एवढा काळ मी रुसून बसले होते कशासाठी? कुणाला विचारायचं आता?"

"मला," धाकटी म्हणाली. "मीपण बसलेच होते."

ताई हसली. हसता हसता तिने डावा हात पुढे केला, हवेत थोडा चुकला, मग धाकटीचा हात सापडला. तिने तो उलटा केला आणि बोटांची टोकं एकेक करून चाचपून पाहिली, सावकाश, मधल्या बोटावर थांबून पुन्हा. तिथली कातडी सुई टोचून टोचून खरबरीत झालेली होती.

"अंगुस्तान घालत नाहीस ना अजून?" ती रागाने म्हणाली. "सुईचं मागचं टोक बोटात घुसतं, किती वेळा सांगितलंय. बोट आहे का लाकूड?"

"माझ्या बोटाला बसेल असं मिळत नाही."

"माझं बसेल. त्या खणात आहे, वरच्या. काढ."

धाकटी जागची हलली नाही. "आणि तू?"

ताईने तिचा हात सोडला नव्हता. "घेऊन जा," ती म्हणाली. "मला आता दिसत नाही."